शोध शिळा झाला आहे, ताजा करून आणा

दुर्गाघाट, वाराणसी
११ ऑगस्ट २०२४

ती. गीताआत्यास,
मधुवंतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं यंत्र डब्यात घालून ठेवलंस आणि फोन शेजारणीला देऊन टाकलास, हे वाचून अप्पा पोट धरून हसले. आमची बहीण मिरजेत बसून पुन्हा पोस्टाच्या जमान्यात गेली म्हणाले. मला मात्र बरं वाटलं. फोनवर तू ‘काय? काय?’ करतेस, मी ओरडते आणि आमच्या घरातल्या प्रत्येकाची तबियत अख्ख्या गलीला कळते.

तू विचारलंस की तीन वर्षं माझं जे ‘रिव्ह्यू, रिव्ह्यू’ चाललंय ते आहे तरी काय. ऐक. मेडिकल कॉलेजात माझं काम रोगी तपासायचं नाही, कागद तपासायचं. म्हाताऱ्या माणसांना चक्कर येते म्हणून एक गोळी सर्रास देतात. तिच्यावर जगभर झालेले सगळे अभ्यास मी आणि सुमंतने गोळा केले. सुमंत म्हणजे आमच्याकडचा आकडेमोडीचा माणूस. एकेक अभ्यास दोघांनी एकमेकांचं न बघता वाचायचा, खुणा करायच्या आणि मग समोरासमोर बसून भांडायचं. भांडून जे हाती आलं ते असं, की ती गोळी चार-आठ दिवस घेतली तर ठीक. महिनोन्‌महिने घेतली तर चक्कर थांबत नाहीच, उलट माणूस जास्त पडतो.

हे लिहून परदेशातल्या एका मोठ्या जर्नलला पाठवलं त्याला दोन वर्षं झाली. पहिल्या संपादकबाई निवृत्त झाल्या. दुसऱ्यांना वाचायला तज्ज्ञ मिळेनात. मिळाले तर एकाने सात महिने लावले. आणि आता कळवतात की तुमचा शोध शिळा झाला आहे, मधल्या काळातले नवे अभ्यास घालून ताजा करून आणा. अगं, ठेवून ठेवून शिळा केला कुणी? एकदा ताजा करून दिला, तर पुन्हा वर्षभर ठेवून पुन्हा तेच! छापून येईपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही असं आम्ही सहीनिशी लिहून दिलंय, आणि माझी असोसिएट प्रोफेसरची बढती याच्यावरच अडकलीय. पण खरं सांगू? बढतीपेक्षा मला दुसरीच परेशानी आहे. मधल्या काळात पडायचे ते पडतच असतील ना?

अप्पा मजेत. तीन विद्यार्थ्यांना संथा देतात आणि रोज पहाटे पंचगंगा घाटावर स्नानाला जातात. माझ्या या रिव्ह्यूला ते ‘मधूचं पुराण’ म्हणतात, आणि पुराण ऐकायला फुरसत नाही असंही म्हणतात.

लोभ आहेच. मी इतकं रडगाणं लिहिलं म्हणून तो पातळ करू नकोस.

तुझी,
मधुवंती


।। श्री ।।

दुर्गाघाट
१९ सप्टेंबर २०२४

चि. गीतास,
नरहराचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुझ्यापुरते. मधू कॉलेजला गेली आहे म्हणून निवांत लिहितो.

गेले वर्षभर सकाळी उठलो की खोली जराशी फिरते. गलीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांनी एक गोळी दिली. पिवळी, हरभऱ्याच्या डाळीएवढी, आणि पट्टीवर निळी रेघ. पहिला आठवडा मोठे सुख वाटले. आताशा मात्र पंचगंगेच्या सीढ्यांवर पाय आपला वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा, वाटल्यास दोन घ्या. म्हणून दोन घेतो. आमच्या वैदिक मंडळींतल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना याच डॉक्टरांचा गुण येतो. त्यामुळे मी काही एकटा नव्हे.

मधूला यातले काही सांगू नकोस. तिला कळले तर ती पहिले माझे स्नान बंद करील. महिन्याभरात कार्तिक लागतो. सारी काशी कार्तिकात पंचगंगेला येते, आणि मी, जन्मभर तिथे बुडी मारलेला, मोरीतल्या नळाखाली बसून गंगे च यमुने म्हणू काय? म्हणून पट्टी मी धोतराच्या कनवटीला खोचून ठेवतो. तिथे कुणाची नजर जात नाही.

पोरगी मनाने चांगली आहे, पण अलीकडे उदास असते. काही छापून यायचे आहे म्हणते. छापून येण्यासाठी इतके झुरायचे काय कारण, आपल्याला कळत नाही.

तुझ्या पोटात गोष्ट राहते म्हणून लिहिले. राहू दे.

तुझा दादा


मिरज
२ ऑक्टोबर २०२४

चि. मधुवंती हीस,
गीताआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही म्हणून, दुसऱ्यांदा राग आला म्हणून. अगं, तीस वर्षं मी शाळा चालवली. एखाद्या शिक्षकाने पोरांचे पेपर दोन वर्षं तपासले नसते, आणि वर पोरांनाच म्हणाला असता की आता तुमची उत्तरं जुनी झाली, पुन्हा परीक्षेला बसा, तर त्याला मी शाळेच्या फाटकात उभा केला असता. मोठं जर्नल म्हणे! डोंबल मोठं.

तुझ्या पत्रात हिंदी किती घुसलंय गं? तबियत काय, परेशानी काय, फुरसत काय. तरी बरं, नमस्कार मराठीत घातलास.

आता मुद्द्याचं. तू सगळं लिहिलंस, पण त्या गोळीचं नाव नाही लिहिलंस. मला नाव कळव. नाव लिहवत नसेल तर नुसता रंग कळव, पट्टी कशी असते ते कळव. का विचारते ते विचारू नकोस. आत्याने विचारलं की सांगायचं असतं.

हातातलं काम टाकून उत्तर लिही.

तुझी आत्या


दुर्गाघाट
१४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न.

रागावू नकोस, पण नाव नाही लिहिता येणार. सुमंतला विचारलं, तोही नको म्हणाला. उद्या तू शेजारणीला सांगशील, ती तिच्या डॉक्टर भाच्याला, आणि कुठूनतरी बाहेर पडलं तर जर्नल आमचं तीन वर्षांचं काम उचलून फेकून देईल. आमचे विभागप्रमुख तर म्हणतात, लेखकाने छापून येईपर्यंत मुकं असावं. रंग सांगितला तरी नाव सांगितल्यासारखंच. म्हणून तोही नाही.

आम्ही दुसऱ्यांदा शोध ताजा करायला बसलोय. नवे चार अभ्यास निघाले, आणि चारही आमचंच म्हणणं सांगतात. पण या झंझटात आणखी किती महिने जातील देव जाणे. तुझ्या ओळखीत कुणी ती गोळी घेतंय का? तसं असेल तर एवढंच सांग, की आपल्या डॉक्टरला पुन्हा एकदा विचारा. याहून जास्त मी बोलू शकत नाही.

कोजागिरीपासून अप्पांचं कार्तिकस्नान सुरू होईल. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाले, मला काय पहिल्यांदा गंगा दाखवायची आहे?

आपली माया असू दे, नाव न सांगणाऱ्या भाचीवरही.

मधुवंती


मिरज
२३ ऑक्टोबर २०२४

चि. मधुवंतीस,
आशीर्वाद.

आज आशीर्वाद कोरडाच घे.

तुम्ही बापलेक एका घरात राहता, एका पातेल्यातला भात खाता, आणि दोघंही मला तिकडून चोरून पत्रं लिहिता. बाप म्हणतो पोरीला सांगू नकोस. पोरगी म्हणते मला बोलायची बंदी आहे. आणि मी इथे मिरजेत दोघांची गुपितं कुशीत घेऊन झोपायचा प्रयत्न करते. नाही झोप लागत. महिनाभर मी दादाला दिलेल्या शब्दासाठी गप्प बसले. आता शब्द गेला चुलीत.

तुझा बाप वर्षभर चक्करेची गोळी घेतोय. रोज दोन. पिवळी, हरभऱ्याच्या डाळीएवढी, पट्टीवर निळी रेघ. धोतराच्या कनवटीला ठेवतो, तिथे बघ. आता तू मला सांग, तीच आहे की नाही. नाही, मला सांगूच नकोस. त्याला सांग. कागद छापून येवो न येवो, जर्नलवाले सुळावर चढवोत, आधी त्या पायऱ्यांवरून माझ्या भावाला वर आण.

माझा लोभ त्या पट्टीच्या पलीकडे ठेवलाय. ती फेकलीस की घे.

आत्या


दुर्गाघाट
४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र दिवाळीत कुठल्याशा पोस्टात अडकलं. ते शनिवारी संध्याकाळी आलं. अप्पा त्याच दिवशी पहाटे पडले होते.

घाबरू नकोस, धोका टळला आहे. उजवं मनगट मोडलं आणि कपाळाला टाके पडले. पंचगंगेच्या सीढ्या कशा उभ्या आहेत तुला माहीत आहे. स्नान करून वर येताना घाटावरच्या मशिदीच्या खालच्या वळणावर तोल जाऊन ते मागे पडले. नाव चालवणाऱ्या एका मल्लाहाने अर्ध्यावर धोतर धरलं म्हणून डोकं वाचलं. इस्पितळात ओलं धोतर बदलताना कनवटीतून पट्टी माझ्या पायाशी पडली. आत्या, ती मी न वाचताच ओळखली. तीन वर्षं मी तिच्यामुळे पडलेली माणसं मोजत होते, आणि माझाच बाप त्यांत उभा होता. तू रंग विचारला होतास. एवढा एक रंग मी सांगितला असता तर!

मी तिथेच रडायला लागले. अप्पांनी विचारलं, म्हणून सगळं सांगितलं. मला वाटलं, डॉक्टरवर चिडतील. ते माझ्यावर चिडले. तुला हे कधीपासून माहीत आहे, म्हणाले. दोन वर्षं, मी म्हटलं. मग म्हणाले, वसंतपूजेत वेद म्हणायला आम्ही समोरासमोर रांगा करून बसतो ते कशासाठी? एका रांगेने म्हणायचं, दुसरीने ऐकायचं. स्वर चुकला की म्हणणारा कितीही मोठा असो, समोरच्याने तिथल्या तिथे थांबवायचा. घरी जाऊन चिठ्ठी लिहीन, वर्षभराने कळवीन, असं आमच्यात कुणी म्हणत नाही. ऐकून जो गप्प राहिला तोही चुकला असं आम्ही धरतो. मी म्हटलं, तुम्हीही वर्षभर गोळी लपवलीतच की. तर तोंड फिरवून म्हणाले, म्हणून तर पडलो.

काल मी सुमंतकडे गेले. छापण्याआधीचा लेख इंटरनेटवर सगळ्यांना वाचायला खुला ठेवायची एक जागा असते. आमच्या जर्नलला ते चालत नाही. मी म्हटलं, मी ठेवणार, तुझं नाव काढू का? तो गॅलरीत गेला, एक सिगरेट ओढली आणि परत येऊन म्हणाला की नाव काढलंस तर बोलणार नाही. आज दुपारी लेख खुला केला. आता गोळीचं नाव साऱ्या जगासमोर आहे. फेकायचं तर फेकू देत त्यांना. बढती गेली तर गेली. मला कुणाची भीती वाटत नाहीये, आणि याचं मलाच नवल वाटतंय.

पट्टी फेकली. गोळी एकदम बंद करायची नसते, म्हणून आमच्याच कॉलेजातल्या डॉक्टरांनी मोजून दिलेल्या गोळ्या हळूहळू कमी करतोय. तेव्हा कबूल केलेला लोभ परत कर.

तुझी,
मधुवंती


मिरज
१२ जानेवारी २०२५

चि. मधुवंतीस,
आत्याचे भरभरून आशीर्वाद. मागच्या वेळचे कोरडे होते, त्यांचीही कसर यात भरून घे.

तुझी नोव्हेंबर-डिसेंबरची पत्रं पोचली. विभागप्रमुखांनी तुला केबिनमध्ये उभं करून शिस्तभंग म्हटलं, सुमंतला वेगळं बोलावून फोडायला बघितलं, आणि बढतीच्या मुलाखतीला तुझं नाव नाही, हे सगळं कळलं. वाईट वाटलं. पण शाबास! आपल्या घरात कुणीतरी ताठ उभं राहिलं. त्या जर्नलला दोन वर्षं तुमचा लेख वाचायला वेळ नव्हता आणि खुला केल्याबरोबर चार दिवसांत ‘मागे घ्या’ म्हणून कळवायला वेळ झाला, याची मला मोठी गंमत वाटते. म्हणजे यांना घाई जमते.

मागे घेऊ नकोस. लेखात चूक असेल तर दाखवा म्हणावं, एका तासात सुधारीन. चूक नसेल तर तुमच्या रागासाठी मागे घेणार नाही.

पण एक विचारू? तू जगासमोर ठेवलंस ते इंग्रजीत. दुर्गाघाटावर ते कोण वाचणार? दादाने मला लिहिलं होतं की त्याच्या वैदिक मंडळींतले बरेच म्हातारे त्याच डॉक्टरांकडे जातात. त्यांच्या कनवटीपर्यंत तुझं इंटरनेट पोचतं का? दादाला विचार. तो मोठा सभेच्या गोष्टी सांगतो ना, मग त्याला म्हणावं सभा बोलाव.

माझा लोभ तुझ्याकडे पाठवलाय, पोस्टात अडकला नाही तर पोचेल.

तुझी आत्या


।। श्री ।।

दुर्गाघाट
९ एप्रिल २०२५

चि. गीतास,
नरहराचे अ. उ. आ.

अक्षर वाकडे दिसेल. मनगट सांधले, पण बोटे अजून रुसलेली आहेत. तरी हे पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचे नव्हते.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सभा बोलावली. माघातच करणार होतो, पण कुंभाहून इकडे लोटलेल्या गर्दीने गलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. म्हणून पाडव्यानंतर आपल्या घरी वसंतपूजा केली. ब्रह्माघाटापासून पंचगंगेपर्यंतची सगळी जुनी मंडळी आली. बहुतेक माझ्याहून म्हातारी. दोन रांगा बसल्या, चारी वेद झाले, आणि विडा-दक्षिणेच्या आधी मी उभा राहिलो. म्हटले, आज आणखी एक पाठ व्हायचा आहे. म्हणणारी माझी मुलगी आहे. स्वर चुकला तर थांबवा.

कुजबुज झाली, ती मी होऊ दिली. वैदिकांच्या सभेत मुलगी काय म्हणणार, असे एकाने विचारलेसुद्धा. मी माझे मनगट पुढे केले, कपाळावरची खूण दाखवली आणि म्हटले, हे म्हणणार आहे.

मधू आधी पुष्कळ घाबरली होती. पण एकदा उभी राहिली आणि मग, गीते, तिने जे सांगितले ते सहावीतल्या पोराला कळावे असे. मराठीत सांगितले, मध्ये मध्ये तिचे ते हिंदी होतेच. किती अभ्यास वाचले, दोघांनी वेगवेगळे कसे वाचले, कुठे कुठे दोघांचे पटले नाही, सगळे सांगितले. मंडळींना तेच सर्वात आवडले. दोन पाठ्यांनी पडताळलेली गोष्ट त्यांना समजते. वेद उलटसुलट म्हणणाऱ्या आमच्यातल्या सर्वात ज्येष्ठ घनपाठ्यांनी शंका काढली की आम्हाला चक्कर येते म्हणून आम्ही पडतो, गोळीने पडतो कशावरून? मधूने त्याचेही उत्तर दिले. तशी चक्कर असूनही गोळी न घेणाऱ्या लोकांशी ताडून पाहिले होते म्हणाली. घनपाठ्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. दोन वर्षे जे परदेशातल्या तज्ज्ञांना जमले नाही ते विडा लागेपर्यंत झाले.

मग तिने गोळीचे नाव सांगितले आणि म्हणाली, पिवळी असते, पट्टीवर निळी रेघ असते.

गीते, आधी घनपाठ्यांचा हात कनवटीला गेला. त्यांनी पट्टी काढून समोर ताम्हनाशेजारी ठेवली. मग त्यांच्या बाजूच्याने काढली. मग समोरच्या रांगेतून हात हलू लागले. मला वाटत होते, कनवटीत लपवायची युक्ती माझी एकट्याची. बघता बघता ताम्हनाभोवती पिवळ्या पट्ट्यांचा ढीग झाला. प्रत्येक जण घरच्यांपासून चोरून घेत होता, कारण प्रत्येकाला स्नान बंद होण्याची भीती. मी रडलो. म्हातारा माणूस, चारचौघांत रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

गोळी आपल्या आपण बंद करू नका असे मधूने तीनतीनदा बजावले. आता रोज दोघे-तिघे तिच्या कॉलेजात जातात, सुमंत त्यांना योग्य डॉक्टरांकडे नेऊन बसवतो. गलीच्या तोंडाचे डॉक्टरही परवा लेख मागायला आले. बिचारे म्हणाले, मला कुणी सांगितलेच नव्हते. मधूने लेख त्यांच्या हातात ठेवला. खरेच कुणी सांगितले नव्हते.

आणि काल त्या जर्नलचे शेवटचे पत्र आले. मधूने वाचून दाखवले. लेख इंटरनेटवरून काढून घेतलात आणि शोध पुन्हा ताजा करून आणलात तर आम्ही फेरविचार करू, असे लिहिले आहे. मधूने मला विचारले, अप्पा, काय कळवू? मी सांगितले तेवढेच तिने इंग्रजीत करून पाठवले. सभेत म्हटलेले परत घेता येत नाही. चूक असेल तर थांबवा.

मी रोज पंचगंगेला जातो. मधू एक हात धरते, दुसऱ्या हाताने मी कठडा धरतो. कनवट रिकामी आहे.

तुझ्या पोटात गोष्ट राहिली नाही, म्हणून बाकीच्यांच्याही कनवटी रिकाम्या होत आहेत. यापुढेही राहू देऊ नकोस.

तुझा दादा
नरहर